सरकतं गेट आणि घाईचा कबुलीजबाब

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, धरणात तरंगणारी प्रेतं दोर लावून काठावर आणली. त्यातली निम्मी आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. पण भरे गावाजवळच्या एका बंगल्याच्या गेटात सापडून गेलेली बाई, आणि तिच्या नवऱ्याला मी कोठडीत घातलं तो दिवस, हे दोन्ही जसंच्या तसं आहे. तो नवरा बायकोचा खुनी ठरणार की नाही, हे दोन दिवस माझ्या हातात होतं, आणि त्यातला पहिला दिवस मी वाया घालवला. कोणाचं नाव घेणार नाही. मेलेल्यांचंही नाही.

दोन हजार सात-आठचा सुमार असेल. हिंजवडीत मोठाल्या कंपन्या आल्या आणि त्यांचे पगार हळूहळू मुळशीत उतरायला लागले. महाळुंग्यात इमारती, चांद्यात प्लॉटिंग, पिरंगुटच्या पुढे बंगले. काल जिथे करवंदाच्या जाळ्या होत्या तिथे आज दहा फुटी भिंत. मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो. आमच्या ठाण्याची हद्द एवढी लांब, की एका टोकाला पंचनामा चालू असताना दुसऱ्या टोकाला मारामारी व्हायची, आणि जीप एकच. तीही उतारावर ढकलून चालू करावी लागे.

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. सकाळी साडेनऊच्या आसपास ठाण्यात फोन आला, बंगल्याच्या गेटमध्ये बाई अडकली आहे. आम्ही पोचलो तेव्हा ती सुटलेली होती, पण जिवंत नव्हती. रखवालदाराची बायको. वय पस्तीसच्या आतबाहेर, धनगराची लेक. मूलबाळ नाही. नवरा-बायको गेटाजवळच्या खोलीत राहायचे. तिच्या पाच शेळ्या होत्या. दोन गेटाच्या आत, तीन बाहेर उभ्या होत्या. तिच्या डोक्यावरचा पाल्याचा भारा रुळावर सुटून पडला होता आणि आतली एक शेळी तो पाला खात होती. आमच्या एका शिपायाने तिला हाकललं, ती परत आली.

गेट रुळावरून सरकणारं, जाड पत्र्याचं, मोटारीवर चालणारं. रिमोटचं एक बटण दाबलं की उघडतं, पुन्हा दाबलं की बंद होतं. असलं गेट आमच्या हद्दीत तोवर फार थोड्या ठिकाणी होतं. मालक सकाळी गाडी घेऊन बाहेर पडले, रखवालदाराने खोलीपाशी उभं राहून गेट बंद करायला बटण दाबलं, आणि त्याच वेळी बाहेरून आत येणारी त्याची बायको गेटाची कड आणि खांब यांच्यामध्ये सापडली. छातीवर दाब आला. मालकांना रस्त्यातून परत बोलावलं. घरातल्या कपाटातून किल्ली आणून त्यांनी मोटार मोकळी केली, मग गेट हाताने मागे ओढता आलं. तोवर सगळं आटोपलं होतं.

अकस्मात मृत्यूची नोंद केली, प्रेत पंचनामा केला, शवविच्छेदनाला पाठवलं. आता माझी हुशारी ऐका. रिमोट गेटापासून पंचवीस-तीस पावलांवर झुडपात सापडला. मी पंचनाम्यात लिहून घेतलं, ‘फेकून दिलेल्या स्थितीत’. रखवालदाराचे दोन्ही तळवे सोललेले होते. मी मनात म्हटलं, झटापट. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी माझी अवस्था. दोन धागे हाताला लागले आणि मी कापड विणायला बसलो.

दुपारी मालक स्वतः ठाण्यात आले. चाळिशीचे, मूळचे विदर्भाकडचे, हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर. बोलणं अत्यंत नम्र. चहाला हात लावला नाही.

"सर, मला कोणावर आरोप करायचा नाही," ते म्हणाले. "पण काल संध्याकाळी दोघांचं फार जोरात भांडण झालं. माझ्या मिसेसने ऐकलं. तो तिला म्हणत होता, तू आलीस कशाला परत. आणि रिमोट त्याच्याच हातात होता. तुम्ही बघा जरा."

"गेटमध्ये काही बिघाड?"

"नाही, गेट एकदम ओके आहे. सर्व्हिसिंग झालंय नुकतंच."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. भांडणाचं मात्र पकडून ठेवलं. बाईचा भाऊ बाहेर व्हरांड्यात बसला होता, मेंढरं राखणारा उंच, काटक माणूस. त्याला विचारलं, भांडण झालं होतं का?

"व्हय, झालं व्हतं," तो म्हणाला. "शेळ्यावरनं. दसऱ्यापासनं ती माज्याकडं व्हती, माज्या बायकूच्या बाळतपणाला. चार दिस झालं म्यांच आनून सोडली, शेळ्यासकट. मालकाला शेळ्या नगं व्हत्या, म्हून दाजी कावला. पर सायेब, भांडान कुनाच्या घरात न्हाई?"

माझ्या दृष्टीने भांडण पक्कं झालं. पुढचं मी ऐकलंच नाही.

रखवालदाराला आत घेतलं. काळासावळा, बुटका, अंगात मालकाने दिलेला निळा शर्ट. खाली बसायला सांगितलं तर बसला, उठ म्हटलं तर उठला. एवढ्या वर्षांत मी एक गोष्ट शिकलो होतो, की गुन्हेगार माणूस खोलीत आल्यावर आधी दार कुठे आहे ते बघतो. याने कुठेच बघितलं नाही. तेही मला खटकायला हवं होतं, खटकलं नाही.

"तूच मारलीस ना तिला?"

"व्हय सायेब."

"काय व्हय? नीट बोल."

"म्यांच मारली. माज्याच हातानं मेली ती."

हात उगारावा लागला नाही, आवाज चढवावा लागला नाही. पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात कवडीमोलाचा असतो हे प्रशिक्षणातल्या पोरालाही माहीत असतं. तरी तो मिळाला की आम्हाला कोण आनंद होतो! मी वरिष्ठांना फोन लावला, अपघात नाही साहेब, खून आहे, आरोपी ताब्यात आहे. शाबासकी मिळाली. ती घेतली.

चारच्या सुमारास प्रेत घरच्यांच्या ताब्यात मिळालं. भाऊ परत माझ्यापुढे येऊन उभा राहिला. डोक्यावरचं मुंडासं त्याने हातात घेतलं होतं.

"सायेब, दाजीला घटकाभर सोडा. अग्नी दिऊ द्या. मागनं काय करायचं ते करा."

"खुनाचा संशयित आहे. जमणार नाही."

"बेड्या घालून आना. दोन शिपाई द्या संगं. कुटं पळतुया त्यो?"

"एकदा सांगितलं ना, जमणार नाही."

तो गेला. अग्नी त्यानेच दिला. भरेच्या ओढ्याकाठी बाईची चिता पेटली तेव्हा तिचा नवरा आमच्या कोठडीत भिंतीला पाठ लावून बसला होता. कोठडीच्या पहाऱ्यावरच्या शिपायाने मला येऊन सांगितलं, की तो किती वाजले एवढंच विचारतोय. मी म्हटलं, सांग त्याला वेळ, त्यात काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी रीतसर जबाब लिहायला बसलो. लिहायला आमचे रायटर हवालदार, निवृत्तीला आलेले. अक्षर मोत्यासारखं, आणि एक खोड अशी की समोरचा माणूस जे बोलेल ते शब्दाला शब्द लिहायचे. मला त्याचा वैताग यायचा. दोन ओळींचं काम दोन पानांचं व्हायचं.

"बटण दाबलंस तेव्हा ती कुठे होती?" मी विचारलं.

"ठाव न्हाई. मोटार भाईर गेली, म्यां बटन दाबलं. ती वरडली तवा कळलं. पर मेली ती दसऱ्यालाच. म्यां तार जोडली तवाच मेली."

"तारेचं सोड. कालचं बोल."

हवालदारांनी पेन थांबवलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"साहेब, ह्ये तारेचं लिहू का नको?"

"कसली तार? काहीतरी बडबडतोय तो."

"म्हणूनच विचारतोय," हवालदार म्हणाले. "लिहायची म्हटलं तर कसली ते विचारायला पायजे. आणि नको म्हटलं तर तुम्ही तसं सांगा, मी नाही लिहीत."

त्या म्हाताऱ्याने मला भर ठाण्यात पेचात पकडलं होतं. लाज वाटली म्हणा किंवा राग आला म्हणा, मी रखवालदाराला विचारलं, कसली तार?

मग तो बोलायला लागला. आदल्या दिवशी मी विचारलं असतं तर आदल्या दिवशीच बोलला असता.

गेटाच्या दोन्ही खांबांना गुडघ्याच्या उंचीवर दोन काळ्या डब्या होत्या, समोरासमोर. गेट बसवणाऱ्या फिटरने सांगितलं होतं, हे गेटाचे डोळे. एकातून निघणारा किरण दुसऱ्यात जातो, तो आपल्याला दिसत नाही. गेट मिटत असताना मध्ये काही आलं की किरण तुटतो आणि गेट आपणहून मागे सरतं. त्या बाईला याचं फार कौतुक होतं. शेळ्या आधी जाऊ द्यायची, गेट थबकून मागे गेलं की हसायची. "ती म्हनायची, ह्ये दार लई शानं हाय. मुक्या जनावराला बी वळख देतंय." हे सांगताना रखवालदार पहिल्यांदा रडला.

दसऱ्याला आपल्याकडे हत्याराची, यंत्राची पूजा होते. शेतकरी नांगर पुजतो, गिरणीवाला गिरणी, आम्ही ठाण्यातल्या बंदुका पुजतो. तिने गेट पुजलं. मोटारीला हळदकुंकू, खांबांना झेंडूच्या माळा, आणि शहाण्या दाराचे ते दोन डोळे, त्यांना बोटाने ओलं कुंकू. मग दुपारी ती भावाबरोबर माहेरी गेली. संध्याकाळी मालकांचं कुटुंब सोनं द्यायला पुण्यात निघालं तर गेट उघडलं, पण मिटेना. मिटायला लागलं की मागे. डोळ्यांवर कुंकवाचा थर बसलाय हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. मालकांनी फिटरला फोन लावला. तो सणाचा, येणार कसा? त्याने फोनवरून सांगितलं, मोटारीचा डबा उघडा, अमुक दोन खुंट्यांमध्ये तारेचा तुकडा जोडा, डोळे बाजूला पडतील, गेट मिटेल. मालकांच्या अंगावर सणाचे कपडे. त्यांनी फोन रखवालदाराच्या कानाला लावला. याने तार जोडली. गेट मिटलं. सगळे निघून गेले.

"तार जोडल्यावर गेट थांबत नाही, हे तुला कोणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. म्यां म्हनलं दुरुस्त झालं. ती वरडली, गेट थांबंना, तवा मला ती तार आठावली."

तळवे का सोलले, तेही कळलं. बायको सापडल्यावर त्याने परत बटण दाबलं. गेट जागच्या जागी थांबलं, तिच्यावर तसंच. मग याने रिमोट भिरकावून दिला आणि धावत जाऊन दोन्ही हातांनी गेट ओढत राहिला. मोटारीच्या दातात अडकलेलं गेट हाताने हलत नाही. तो सोलवटलेल्या हातांनी ओढत राहिला, आणि मी त्याला झटापट म्हटलं.

हवालदारांना घेऊन तडक बंगल्यावर गेलो. दोन पंच बोलावले, पुण्याहून फिटरला आणवलं. मोटारीचा डबा उघडला तर आत लाल तारेचा बोटभर तुकडा. डोळ्यांच्या काचा स्वच्छ होत्या, पण कडेच्या खाचेत कुंकू अजून धरून होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी फिटरला म्हटलं, काचा पुसल्या कोणी?

आधी तो म्हणाला, आठवत नाही. मग पाणी मागितलं. मग म्हणाला, "साहेब, मी दिवाळीनंतर आलो होतो. काचा मीच पुसल्या. डोळे चालू झाले होते, मी तार काढणारच होतो."

"मग?"

त्याने मालकांकडे बघितलं. मालक मोबाईलमध्ये बघत होते. फिटरने पिशवीतून सर्व्हिसचं पुस्तक काढलं. प्रत्येक कामाची चिठ्ठी, खाली कार्बन कॉपी. त्या दिवसाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: डोळे तपासले, चालू आहेत, मालकांच्या सांगण्यावरून बंद ठेवले. खाली मालकांची सही, झोकदार.

"मी घाबरून लिहून घेतलं साहेब," फिटर म्हणाला. "उद्या काही झालं तर माझ्यावर नको म्हणून." म्हणजे उद्या काही होऊ शकतं हे याला ठाऊक होतं. स्वतःपुरता कागद केला आणि निघून गेला.

मी मालकांना विचारलं, का?

"सर, तुम्ही समजून घ्या. त्या शेळ्या सारख्या मध्ये यायच्या, गेट सारखं थांबायचं. मुलांची स्कूल बस, माझ्या सकाळच्या मीटिंग. महिनाभर शेळ्या नव्हत्या तर किती स्मूथ चाललं होतं. टेम्पररी होतं हो ते."

"रखवालदाराला सांगितलंत, की आता गेट थांबत नाही? त्याच्या बायकोला?"

"त्यांना काय कळणार त्यातलं?"

आरोपीवर हात टाकायची इच्छा मला नोकरीत अनेकदा झाली, पण इतकी कधीच नाही. टाकला नाही. कळायचं काय होतं त्यात? ‘बाई, दार आता थांबत नाही, जपून ये,’ एवढं कळायला काय इंजिनीयर व्हावं लागतं? सात शब्दांचं काम. चार दिवस ती त्यांच्या डोळ्यांसमोर त्या गेटातून ये-जा करत होती.

मालक वाईट माणूस नव्हता, हे मात्र लिहायला हवं. मला तो भांडणाचं सांगायला आला तेव्हा खोटं बोलत होता असंही मला वाटत नाही. स्वतःची सही आठवायची नसली की माणसाला दुसऱ्याचं भांडण बरोबर आठवतं. मी असे पुष्कळ पाहिले.

रखवालदाराला सोडलं. मालक आणि फिटर या दोघांवर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा, कलम तीनशे चार-अ, दाखल केला. आम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो. फास सैल झाला तो माझ्या हुशारीने नव्हे, एका हवालदाराच्या शब्दाला शब्द लिहिण्याच्या खोडीने. पुढे दोघांना शिक्षा झाली, अपील झालं, माझी बदली झाली. ते सगळं कोर्टाच्या कागदात आहे.

एक गोष्ट कागदात नाही. फिटरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की थांबलेल्या गेटाचं बटण अजून एकदा दाबलं असतं तर गेट उघडलं असतं. रिमोट फेकला नसता तर. मी त्याला म्हटलं, हे तोंडातून पुन्हा काढशील तर याद राख. रखवालदाराला हे कधीच कळू दिलं नाही. चार वर्षांपूर्वी तो वारला, म्हणून आज लिहितो आहे.

दोषारोपपत्र पाठवायच्या दिवशी तो ठाण्यात आला होता. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की आरोपींची यादी झाली.

"सायेब, माजं नाव का न्हाई लिवलं? तार म्यां जोडली."

"तुला सांगितलं ते तू केलंस. काय करतोय हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. तुझा गुन्हा नाही."

तो टेबलाजवळ सरकला.

"गुन्हा न्हाई?"

"नाही."

"मग त्या दिशी मला तिला अग्नी द्यायला का जाऊ दिलं न्हाई?"

ठाण्यात पाच-सहा माणसं होती. हवालदार टेबलावर मान घालून लिहीत होते, पण पेन चालत नव्हतं. माझ्याकडे नियम होते, कलमं होती, तपासाची कारणं होती.

"चुकलो," मी म्हणालो.

"व्हय. चुकला तुमी," तो म्हणाला, आणि रामराम न करता निघून गेला.

तरुण अधिकारी भेटले की विचारतात, त्या केसमधून काय शिकलात. दोन गोष्टी सांगतो. माणूस ‘होय, मीच’ म्हणाला की विचारणं थांबवू नका, तिथून सुरू करा. नेमकं काय केलंस, ते विचारा. ज्याचं माणूस गेलं आहे तो स्वतःला शंभर कारणांनी खुनी समजत असतो, आणि त्यातलं एकही कारण कलमात बसत नसतं.

दुसरी गोष्ट कोणत्याही पुस्तकात नाही. त्यानंतर मी जिथे जिथे ठाणं सांभाळलं, तिथे कोठडीतल्या माणसाचं कोणी गेलं तर जीप आधी स्मशानाकडे निघायची, बेड्या, दोन शिपाई आणि तो. बाकीचा तपास नंतर. वरिष्ठांनी एकदोनदा खडसावलं, हा कुठला नियम? मी सांगितलं, माझा. त्या नियमाने पुढे कितीतरी जणांना आपल्या माणसाचा शेवटचा चेहरा बघायला मिळाला. ज्याच्यामुळे तो झाला, त्या एकाला मात्र मिळाला नाही.